गुलाबकाकू खिडकी सोडून गेली तो मंगळवार

मी चित्रकलेची शिक्षिका. बाहेरची बाधा, उतारा, दृष्टांत असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जाते. आजही जाते. या साइटवर लोक लिहितात ते असले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते, हे आधीच कबूल करते... तरीही एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना कुणी उठून गेलं तर मला वाईट वाटेल.

साल १९९९, मे महिना. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहत होतो. माझे मिस्टर सुधीर घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचे, त्यामुळे आमच्याकडे इंटरनेट होतं. म्हणजे मोडेम किंचाळत किंचाळत जोडला जायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. त्या जोडणीवर मी दोन उद्योग सुरू केले होते.

पहिला उद्योग म्हणजे माझी चित्रमालिका. दर मंगळवारी चार चौकटी. बोरू आणि काळ्या शाईनं काढायच्या, स्कॅनरवर ठेवायच्या आणि वेबसाइटवर चढवायच्या. तेव्हा मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर दिसायचेच नाहीत, नुसते चौकोन यायचे. म्हणून संवादही मी हातानंच लिहायची. नायिका गुलाबकाकू — साठीची, जाडजूड. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या जगावर टीका करणारी. वर्षभरात ती खिडकी सोडून एकदाही हलली नव्हती.

दुसरा उद्योग, ‘रोजनिशी’. दहा-बारा जण आपल्या दिवसाबद्दल चार ओळी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहून मला मेल करायचे, मी त्या एका पानावर लावायची. कुणी पुण्याचं, एक प्राध्यापक कराडचे, बाकीचे अमेरिकेत. कुणी लिहायचं, आज भात करपला. कुणी लिहायचं, ऑफिसात कुणाशीच बोललो नाही. एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, पण एकाचा सर्दी-खोकला बाराजणांना माहीत असायचा. मला ते फार आवडायचं. सकाळी पान उघडलं की खिडक्या उघडल्यासारखं वाटे.

त्यात एक सुनंदा होती. अमेरिकेतल्या एका थंड गावात राहायची. बर्फाबद्दल लिहायची, मुलीच्या शाळेबद्दल लिहायची. माहेर आमच्या सांगलीजवळचं आष्टा, आई गेलेली, वडील एकटेच राहतात, एवढंच एकदा लिहिलं होतं. तिथल्या घराबद्दल कधीच काही नाही.

तर तो मंगळवार. सुट्टी होती. दुपारी क्लास बंद, सुधीर झोपलेले, बाहेर ऊन असं की रस्ताही पेंगतोय. मी कागद पुढे घेऊन बसले. डोक्यात विनोद तयार होता, आंब्याच्या भावावरून. पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही. झोप नव्हती, कारण शाईचा वास येत होता, पंख्याचा आवाज येत होता. पण हात कुठेतरी पुढे चालत होता आणि मी त्याच्या मागून रमतगमत चालले होते... असं काहीतरी. भानावर आले तेव्हा चार चौकटी पूर्ण होत्या.

पहिल्या चौकटीत गुलाबकाकू चपला घालते. दुसरीत ती रस्त्यानं जाते. तिसरीत एक परसू — दोन दगडी पायऱ्या, निळं दार, दाराच्या तळाशी मांजरापुरतं कापलेलं भोक आणि शेजारी लिंबाचं झाड, भिंतीतल्या खुंटीला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेलं. चौथीत काकू दार वाजवतेय आणि म्हणतेय, “आवं आण्णा, दार उघडा की!”

काकू शहरी बोलायची. “आवं” ती कधी म्हणाली नव्हती. आणि ते परसू मी कुठंच पाहिलेलं नव्हतं.

सुधीरना दाखवलं. “यात विनोद कुठाय?” ते म्हणाले. मलाही माहीत नव्हतं. पण मंगळवार होता, वाचक वाट बघत असणार... संध्याकाळी चढवून टाकलं.

बुधवारी सकाळी सुनंदाची मेल. मराठी घाईघाईत लिहिलेलं, कसंबसं लागलं.

“ताई, तुम्ही आमच्या आष्ट्याच्या घरी कधी गेला होतात? ते आमचं मागचं दार आहे. मांजराचं भोक आण्णांनी मी चौथीत असताना कापलं. लिंब आईनं लावलं होतं, ती गेली त्या वर्षी वाळलं. तुम्हाला कसं दिसलं? मी चार वेळा फोन केला, आण्णा उचलत नाहीत. काकू दार का वाजवतेय? प्लीज, कुणाला तरी पाठवा.” खाली पत्ता.

सुधीरनी मेल दोनदा वाचली. “योगायोग असेल,” म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली घेतली.

तासाभरात आष्ट्यात पोचलो. पुढचं दार आतून बंद. शेजारचे एक गृहस्थ बाहेर आले. “आण्णा व्हय? कराडला गेल्यात न्हवं भनीकडं. जानार म्हनत हुते.”

“मग दार आतून कसं बंद?” सुधीर म्हणाले.

त्यांनी स्वतः दार ढकलून पाहिलं. आम्ही बोळातून मागं गेलो आणि माझे पाय तिथंच थांबले. दोन दगडी पायऱ्या. निळं दार. तळाशी भोक. फक्त लिंबाच्या जागी वीतभर वाळलं खोड होतं, आणि भिंतीतल्या खुंटीला लुगड्याची कुजकी पट्टी.

मी खाली बसले, भोकाला तोंड लावून हाक मारली, “आण्णा! सुनंदानं पाठवलंय आम्हाला!”

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. “हाय... हाय मी.”

शेजारी आणि सुधीरनी पहार घालून कडी उचकटली. आण्णा न्हाणीघरात पडलेले. मंगळवारी सकाळी पाय घसरला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाताच्या अंतरावर बादली होती, त्यातलं पाणी ओंजळीनं पीत एक दिवस आणि एक रात्र काढली होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

“काल बी आला हुतासा न्हवं?” ते म्हणाले.

“नाही आण्णा, आम्ही आजच आलो.”

“व्हय, ह्यो आवाज न्हवं. कालची बाई थोराड हुती. दुपारी दार वाजीवलं. आवं आण्णा, दार उघडा की, म्हनली. म्या म्हनलं, उठाय येत न्हाई बाई.”

सुधीर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

“मग गेली का ती?” मी विचारलं.

“न्हाई की. पायरीवर बसली. रातभर बोलत हुती. आंबं महाग झाल्यात, रस्त्यानं कोन गेलं, कोनाची सून कशी... लय बोलत हुती. डोळा लागाय लागला की हाक मारायची.”

शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना सांगलीला आणलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र काढली नसती. आठवड्याभरात सुनंदा आली. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते हॉस्पिटलच्या जिन्यात. एकमेकींना ओळखायला वेळ लागला नाही.

सुधीरनी नंतर रोजनिशीच्या सगळ्या जुन्या नोंदी छापून काढल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. सुनंदानं कुठंतरी दाराचं वर्णन केलं असेल, मी वाचून विसरले असेन, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच निघावं असं वाटत होतं. तीन दिवस शोधलं. दार नाही, मांजर नाही, लिंब नाही. आणि असतं तरी, पायरीवर रात्रभर कोण बसलं होतं? शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं, काही ऐकलं नव्हतं. दुखण्याच्या भरात भास झाला म्हणावं, तर आण्णांनी चित्रमालिका कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या घरात कॉम्प्युटर सोडा, टीव्हीही नव्हता.

चित्रमालिका पुढं दीड वर्ष चालली. तसा हात पुन्हा कधी चालला नाही, आणि खरं सांगायचं तर मी दुपारी काढायचंच सोडून दिलं. मग वेबसाइटला फुकट जागा देणारी सेवाच बंद झाली आणि रोजनिशीही तिच्याबरोबर गेली.

डिस्चार्जच्या दिवशी सुनंदानं आण्णांना माझ्यासमोर विचारलं होतं, “कोण होती हो ती बाई? आईसारखी होती का?”

आण्णांनी अंगावरची चादर सारखी केली.

“तुझी आई कवा एवढं बोलली?” ते म्हणाले. “वळकीची न्हवती गं. पर परकी बी न्हवती.”

याहून जास्त मला आजही काही सांगता येत नाही.