डेंड्रोबियमचा उपास

बडोद्याच्या उन्हाळ्यात माणूसच कसाबसा तग धरतो, तिथे ऑर्किडची काय कथा, असं शहाणी माणसं म्हणतात. पण शहाण्या माणसांचं ऐकायचं ठरवलं असतं तर जगात मंडळं निघालीच नसती. बडोद्यात ऑर्किडवाल्यांचं मंडळ निघालं, वाढलं आणि भांडणं होऊनही टिकलं.

महिन्यातल्या एका रविवारी ही मंडळी अलकापुरीत लक्ष्मीकांत दिघ्यांच्या घरी, मागच्या अंगणातल्या हिरव्या जाळीखाली जमतात. दिघे बँकेतून निवृत्त झाले, पण बँकेची शिस्त बरोबर घेऊन घरी आले. मंडळाचे नियम सगळे त्यांचेच. त्यातले दोन लक्षात ठेवले तरी पुरे. ज्याच्याकडे फूल उमललंय त्याने कुंडी टेबलावर ठेवायची, आणि ज्याच्याकडे नाही त्याने खायला आणायचं, हा पहिला. टेबलावर कुंडी ठेवणाऱ्याने उभं राहून, हे फूल कसं आणलं ते खरंखरं सांगायचं, हा दुसरा. कारण बाकीचे घरी जाऊन नेमकं तेच करणार. एकदा कुणीतरी बढाईच्या भरात ताकाचा महिमा सांगितला आणि निम्म्या मंडळाच्या कुंड्यांना बुरशी लागली. तेव्हापासून दिघे ‘खरंखरं’ या शब्दावर फार जोर देतात.

बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या मंदा चौबळ या मंडळात आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांनी टेबलावर एकदाही कुंडी ठेवली नव्हती. ठेवला होता तो डबा. त्या डब्यात सुरळीच्या वड्या, गुजराती मंडळींची खांडवी, असायच्या, जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या, वर मोहरीची फोडणी आणि ओलं खोबरं. हंसाबेन नावाच्या मंडळातल्या जुन्या सभासद तर आधी डबा कुठे आहे ते बघायच्या आणि मग फुलांकडे वळायच्या. “मंदाबेन, तमारी खांडवी एटले खांडवी!” असं म्हणत त्या चौथी वडी उचलायच्या. आधी पोटोबा हे मंडळाचं न लिहिलेलं तिसरं कलम होतं.

मंदाताई हसायच्या, पण आतून त्यांना ते लागायचं. त्या मूळच्या बडोद्याच्याच. आजोबा संस्थानच्या नोकरीत, वडील शिक्षक, आणि त्या स्वतः मराठी शाळेत गणित शिकवायच्या. पोरं कमी होत होत शाळा बंद पडली तोवर शिकवलं. गणितात रीत बरोबर असेल तर उत्तर चुकत नाही, हे त्यांनी जन्मभर पोरांना सांगितलं. आणि इथे रीत तंतोतंत पाळूनही उत्तर येत नव्हतं. एकदा तरी आपली कुंडी त्या टेबलावर मानाने बसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांच्याकडे जांभळट फुलांचं म्हणून घेतलेलं एक डेंड्रोबियम होतं. कोळसा आणि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत रुजलेलं, उसासारख्या बारीक कांड्यांचं. ते वाढायचं मात्र जोमाने. जिथे कळी यायला हवी तिथे त्याला पिल्लू फुटायचं, म्हणजे कांडीवरच एक छोटंसं नवं झाड. मंदाताई ती पिल्लं काढून मंडळात वाटायच्या. ती पिल्लं दिघ्यांकडे फुलली, हंसाबेनकडे तर लगडली. दरवर्षी फेब्रुवारीत टेबलावर त्यांच्या झाडाच्या लेकी नटूनथटून बसायच्या आणि आई घरी बाल्कनीत नुसती हिरवी. मंदाताई त्या लेकींसमोर डब्याचं झाकण उघडायच्या.

या जातीला फूल हवं तर हिवाळ्यात उपाशी ठेवावं लागतं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पाणी बंद. पानं पिवळी पडून गळतात, कांड्या सुरकुततात, झाड मेलंच असं वाटतं. पण त्या तहानेतूनच कळ्या येतात. पाणी मिळत राहिलं की झाड आरामात पिल्लं काढत बसतं. मंडळात याला ‘उपास’ म्हणतात.

“मंदाताई, उपास नीट पाळता ना?” दिघ्यांनी एकदा भर सभेत विचारलं होतं.

“दिघेसाहेब, मी संकष्टी कधी मोडली नाही,” मंदाताई ताडकन म्हणाल्या. “झाडाचा उपास मोडेन? माझ्या हातून असलं होत नाही.”

मंदाताईंचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिवाळ्यात कधीकधी सकाळी कुंडीतलं सोडण बोटाला ओलसर लागायचं. त्या दवाला दोष द्यायच्या आणि कुंडी आणखी आत सरकवायच्या.

घरात दुसरं माणूस एकच, सुभाषराव. रिफायनरीतून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळचे, स्वभावाने लोण्याहून मऊ. कुणी उपाशी आहे ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. सोसायटीतली कुत्री त्यांना नावानिशी ओळखत. मंदाताईंच्या संकष्टीला दुपारपासून चारदा विचारायचे, “थोडं दूध तरी घे ना गं.” चंद्र दिसायला उशीर झाला तर चंद्रावर चिडायचे. ऑर्किडमध्ये मात्र त्यांना रस नव्हता. “तुझी ती कोळशातली झाडं,” एवढंच म्हणायचे आणि मंडळात कधी यायचे नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर भुसावळहून फोन आला. सुभाषरावांचे थोरले भाऊ दत्तात्रेय जिन्यावरून पडले होते आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. वहिनी एकट्या. सुभाषराव दुसऱ्याच दिवशी गेले आणि भावाला उठवणं-बसवणं करत हिवाळाभर तिथेच राहिले. रोज फोन करायचे. भावाची खबर सांगून झाली की थोडं घुटमळायचे आणि विचारायचे, “तुझी झाडं बरी आहेत ना?”

या माणसाला झाडांचा पुळका कधीपासून आला, याचं मंदाताईंना नवल वाटायचं. एकटेपणा असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

संक्रांत झाली आणि एका सकाळी त्यांना बोडक्या कांडीवर एक बारीक फुगवटा दिसला. पिल्लू असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. चार दिवसांनी चष्मा पुसून पाहिलं तर कळ्या! एक नाही, दोन नाही, कांडीभर. मंदाताई बाल्कनीत खालीच बसल्या. वयाची लाज न बाळगता रडल्या. नवऱ्याला फोनवर सांगितलं नाही; दृष्ट लागते, असं गणिताच्या बाईंचं मत पडलं.

फेब्रुवारीतल्या सभेच्या दोन दिवस आधी सुभाषराव परत आले. बॅग दारातच ठेवून ते आधी बाल्कनीत गेले. मंदाताई चहाचं आधण ठेवून मागोमाग गेल्या. डेंड्रोबियम नखशिखांत फुललं होतं.

“हे आपलंच?” सुभाषराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “बघ, शेवटी गुण आला!”

“कशाचा गुण?”

सुभाषराव ओशाळं हसले. “तू रागावशील म्हणून कधी बोललो नाही. तू संध्याकाळी फिरायला गेलीस ना, की मी हिला लोटाभर पाणी घालायचो. दरवर्षी. थंडीत तू पाणी बंद करायचीस, पानं गळायची, मला बघवायचं नाही गं. तुझ्या उपासाला निदान चंद्र तरी उगवतो. हिने कुठल्या देवाला काय मागितलंय?” त्यांनी एका पाकळीला बोट लावलं. “यंदा तिथे सारखा जीव अडकला होता. म्हटलं, मरतेय आता. पण इतक्या वर्षांचं अंगात मुरलेलं पाणी, ते कामी आलं बघ.”

मंदाताईंच्या डोक्यात सगळं गणित एका क्षणात सुटलं. ओलसर सोडण. पिल्लांवर पिल्लं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं त्या कोळसा बदलत होत्या, कुंडी बदलत होत्या, खतं बदलत होत्या, आणि इथे हा भला माणूस रोज संध्याकाळी त्यांच्या फुलावर पाणी ओतत होता. त्यांना भयंकर संताप आला. दिघ्यांच्या टेबलासमोर उघडलेला प्रत्येक डबा त्यांना आठवला. बोलायला त्यांनी तोंड उघडलंही.

पण सुभाषराव फुलाकडे बघत होते. नातीला पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता.

“चहा उतू जाईल,” एवढं म्हणून मंदाताई आत गेल्या.

रविवारी सुभाषराव पहिल्यांदाच मंडळात आले. कुंडी त्यांनीच मांडीवर धरून रिक्षातून आणली. ती टेबलावर ठेवली तेव्हा जाळीखाली टाळ्या झाल्या. आजूबाजूला तिच्याच पाचसहा लेकी होत्या, पण आईचा थाट निराळाच. हंसाबेन म्हणाल्या, “फूल तो बहु सरस छे, मंदाबेन. पण एटले आजे खांडवी नथी?” त्या दिवशी खायला कुणीतरी बाजारची वेफर्स आणली होती. अर्ध्या मंडळाचे चेहरे त्या वेफर्ससारखेच वाकडे झाले.

“चला, मंदाताई,” दिघे म्हणाले. “उभ्या राहा आणि खरंखरं सांगा. यंदा काय वेगळं केलंत?”

मंदाताई उभ्या राहिल्या. समोर दुसऱ्या रांगेत सुभाषराव मान उंच करून बसले होते. आपलं नाव येणार, अशी त्यांची खात्री होती. मंदाताईंनी रात्रभर याचाच विचार केला होता. पाण्याने फुललं म्हणावं, तर ही सगळी माणसं पुढच्या हिवाळ्यात लोटे घेऊन उभी राहतील आणि झाडांची वाट लावतील. खरं सांगावं, तर त्या दुसऱ्या रांगेतल्या माणसाचं काय होईल ते त्यांना दिसत होतं.

“वेगळं काही नाही,” त्या म्हणाल्या. “यंदा उपास नीट झाला. संक्रांतीपर्यंत थेंबभर पाणी नाही.”

“म्हणजे आधी होत नव्हता?” दिघ्यांच्या भुवया वर गेल्या.

“नव्हता.” मंदाताईंनी घसा साफ केला. “आधी माझ्याच हातून मोडत होता. पानं गळलेली बघवायची नाहीत. संध्याकाळी लोटाभर घालायचे.”

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मंदाताई चौबळ आणि उपास मोडतात?

“कमाल करता!” दिघे उसळलेच. “मी तुम्हाला भर सभेत विचारलं होतं. तुम्ही संकष्टीचा दाखला दिला होतात! शिक्षिका तुम्ही, आणि इतकी वर्षं आम्हाला...”

“चुकलं माझं,” मंदाताई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यात हे दोन शब्द त्यांनी चारचौघांत कधी उच्चारले नव्हते. “पण तुम्ही कुणी घालू नका. दयेने फूल येत नाही, पिल्लं येतात.”

“ए तो सारुं थयुं,” हंसाबेन मध्येच म्हणाल्या. “नहीं तो आपणने आ बच्चां क्यांथी मळत?” खरंच, नाहीतर ही पिल्लं कुणाला मिळाली असती? सगळे हसले, दिघेसुद्धा. सुभाषराव तेवढे हसले नाहीत. त्यांच्या हातात एक वेफर होतं, ते तसंच राहिलं.

परतताना रिक्षा विश्वामित्रीच्या पुलावर आली. कुंडी सुभाषरावांच्या मांडीवर होती.

“मंदा.”

“हं.”

“संध्याकाळी तर तू फिरायला गेलेली असतेस.”

“असते.”

“मग लोटा...”

“समोर खड्डा आहे,” मंदाताई म्हणाल्या. “कुंडी धरा नीट.”

सुभाषरावांनी कुंडी दोन्ही हातांनी धरली. मंदाताईंनी बाहेर बघितलं, कारण आता त्यांच्याकडे बघितलं असतं तर दोघांचंही कठीण झालं असतं. त्या विषयावर घरात पुन्हा एक अक्षर निघालं नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी आली. भाऊबीज झाल्यावर मंदाताईंनी पाणी बंद केलं. हळूहळू पानं पिवळी पडली, गळायला लागली. एका संध्याकाळी त्या फिरून परत आल्या तर बाल्कनीच्या कठड्यावर लोटा उपडा ठेवलेला होता. शेजारी सुभाषराव खुर्ची टाकून बसले होते, कुंडीकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे.

“अहो, असे काय बसलात?”

“बघवत नाही गं,” सुभाषराव भिंतीला म्हणाले. “संक्रांतीपर्यंत असाच बसणार.”

मंदाताई आत गेल्या. पायातल्या चपला काढल्या, आतली दुसरी खुर्ची उचलून आणली, ती त्यांच्या खुर्चीला लावून ठेवली आणि त्याही भिंतीकडे तोंड करून बसल्या.