सात नंबर उलट्या डोक्याचा

चावीकाकांच्या डोक्यात जे काही आहे ते पंधरा दिवसांत कागदावर उतरवून घ्यायचं, एवढंच काम साहेबांनी मला दिलं होतं. काका महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर गावाला पाणी सोडायचं काम भिंतीवरचा एक पडदा आणि व्हॉल्व्हवर बसवलेल्या मोटारी करणार होत्या. मी पाणीपुरवठा खात्यातली नवी इंजिनिअर. पदवी ताजी आणि नाकावरचा राग त्याहून ताजा. एका चावीवाल्याच्या मागे मी वही घेऊन हिंडायचं, हे काही मला पटलं नव्हतं.

चावीवाला म्हणजे रस्त्याखालच्या पाइपांचे व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा माणूस. लोखंडी झाकण उचलायचं, खड्ड्यात छातीएवढी उंच चावी घालायची आणि मनात आटे मोजत फिरवायची. यात शिकण्यासारखं काय असणार, असं मला पहिल्या दिवशी वाटत होतं.

काकांनी अर्धा आटा फिरवला आणि थांबले. पुन्हा अर्धा फिरवला, पुन्हा थांबले. मी घड्याळ बघितलं.

"काका, एकदम उघडा ना. असे थांबत बसलात तर संध्याकाळ होईल."

"एकदम उघडला तर पाइप दचकतो, बाई. म्हातारा आहे तो. झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवावं, पाय ओढून नाही."

मग त्यांनी चावीच्या दांड्याला कान लावला आणि डोळे मिटले. "आलं. सायकलवाल्याच्या वळणावर पोचलं."

मला हे नाटक वाटलं. मी तरातरा वळणापर्यंत चालत गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानाबाहेरच्या नळातून फसफस हवा सुटत होती, आणि मी बघतेय तोवर पाण्याची धार पडली. त्या क्षणी मी तोंडात बोटं घालायची तेवढी बाकी होती. चारशे पावलांवरचं पाणी या माणसाने कानाने बघितलं होतं. परत आले तेव्हा ते झाकण बसवत होते आणि मी मुकाट्याने वही उघडली.

गावात तेवीस व्हॉल्व्ह होते. कार्यालयातला नकाशा आणि जमिनीखालची वस्तुस्थिती यांचं पूर्वी कधीतरी भांडण झालं असावं, कारण दोघांचं काहीच जुळत नव्हतं. खरा नकाशा काकांकडे होता, आणि तो ते घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसा सांगायचे. "पाच नंबर आळशी, सुरुवातीला जोर लावावा लागतो. नऊ नंबरला कायमची सर्दी, गळतो. बारा नंबर गुणी. आणि सात नंबर उलट्या डोक्याचा, त्याला सांभाळून घ्या."

मी हसले. व्यास, खोली, आटे किती, हे सगळं नव्या नकाशात गेलं. हे स्वभाववर्णन वहीच्या समासात राहिलं. नकाशात कुणी स्वभाव लिहितं का?

सात नंबरचं पाणी जायचं टेकाडावरच्या आळीला. एकशे अठरा पायऱ्या, चाळीसेक घरं. पूर्वी सगळ्या गावाला एकाच वेळी पाणी सुटायचं. सखल भागात नळ धो धो वाहायचे आणि टेकाडावर नुसती हवा. वरच्या बायका-मुली बादल्या घेऊन उतरायच्या आणि जड होऊन चढायच्या. काकांनी काय केलं, तर सखल भागाचे व्हॉल्व्ह रोज वीस मिनिटं उशिरा उघडायला सुरुवात केली. तेवढ्या वेळात पाणी टेकाड चढून जायचं. ना ठराव, ना निधी, ना समिती. वीस मिनिटं फक्त.

सखल भागातली माणसं मात्र त्यांना पाण्यात पाहू लागली. "यात कुठेतरी पाणी मुरतंय," असंही बोललं गेलं. गंमत म्हणजे काकांचं स्वतःचं घर सखल भागातच होतं. त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "सगळ्या गावाला पाणी देतात हे, पण आम्ही आधी वीस मिनिटं बादलीत हवा भरून घेतो." बोलणं तक्रारीचं होतं, चेहरा मात्र मुलगा पहिला आल्यासारखा.

व्हॉल्व्ह उघडून झाले की काका दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या एकशे अठरा पायऱ्या चढायचे. सगळ्यात वरचा, शेवटचा नळ लाँड्रीवाल्या ताईंचा. वर पाणी टिकतंय म्हटल्यावर ताईंनी तिथे दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम धरलं होतं. आता आळीतल्या सहा बायका तिथे कामाला होत्या. काका नळाखाली हात धरायचे, ओंजळभर पाणी घ्यायचे आणि खिशातली नोंदवही काढायचे. खात्याच्या वहीत छापील रकाना होता 'पाणी सोडले'. काका तो शब्द खोडून लिहायचे, 'पडलं'.

"रोज चढता कशाला?" मी धापा टाकत विचारलं होतं. "व्हॉल्व्ह उघडला की पाणी येणारच."

"मलाही असंच वाटायचं. पण एकदा चार दिवस इथे पाणी नव्हतं, आणि चारही दिवस मी वहीत 'सोडलं' लिहिलं. खोटं नव्हतं लिहिलं, बाई. चावी फिरवली होती मी. पाचव्या दिवशी इथल्या एक आजी खाली उतरून आल्या, रिकामी बादली माझ्या पुढ्यात ठेवली आणि उभ्या राहिल्या." काकांनी हात पँटला पुसला. "सोडलं हे आपलं म्हणणं. पडलं की नाही ते नळाला विचारायचं."

त्याला बावीस वर्षं झाली होती. एकूण किती पायऱ्या झाल्या हे काढायला मी रात्री कागद घेतला आणि अर्ध्यात ठेवून दिला. सत्कार नाही, छायाचित्र नाही, कुणी बघतही नाही, तरी एक माणूस बावीस वर्षं नळाला विचारायला जातो. मी भारावून गेले होते, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

मोटारी सुरू करायचा दिवस उजाडला. काका आदल्या दिवशीच निवृत्त झाले होते; त्यांची नोंदवही आता माझ्याकडे होती. साहेबांनी बोलावलं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर एकेक करत तेवीस दिवे हिरवे झाले. सातसुद्धा. टाळ्या पडल्या. नकाशा माझा होता, त्यामुळे त्यातल्या थोड्या मी माझ्या समजले.

टाळ्या थांबल्यावर काकांनी विचारलं, "शेवटच्या नळाला कोण गेलंय?"

सगळे हसले. "काका, आता जायची गरज नाही," साहेब प्रेमाने म्हणाले, "इथे बसून दिसतं."

काका गुडघा धरून उठायला लागले. माझा राग उसळला. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला, माझ्या हिरव्या दिव्यांवर शंका घेतली म्हणून. "बसा तुम्ही, मी जाते," असं म्हणून मी निघाले.

एकशे अठरा पायऱ्या चढले. लाँड्रीच्या दारात ताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मागे टबांमध्ये चादरी साबणात भिजलेल्या, आणि सहा बायका कोपरापर्यंत फेस घेऊन बसलेल्या.

"काका नाही आले?" ताईंनी विचारलं. "एवढा वेळ कधी लागत नाही. दुपारी चादरी पोचल्या नाहीत तर दवाखाना दुसरीकडे काम देईल."

मी नळ पूर्ण उघडला. हवासुद्धा आली नाही. मी साहेबांना फोन लावला.

"सात तर उघडा दाखवतोय," साहेब म्हणाले. मग फोन काकांच्या हातात गेला.

"बाई, सात नंबर उलट्या डोक्याचा आहे. सांगितलं होतं ना मी?"

"काका, मला वाटलं, तो स्वभावाने तसा..."

"स्वभाव कसला? त्याचं डोकं, जिथे चावी बसते ते. सगळे डावीकडे फिरवले की उघडतात, हा डावीकडे फिरवला की बंद होतो. नवा बसवला तेव्हा मला चार दिवस लागले होते ते कळायला."

म्हणजे त्या चार दिवसांचा व्हॉल्व्ह हाच. काकांनी स्वतःची सगळ्यात मोठी चूक मला एका वाक्यात सोपवली होती आणि मी ती विनोद म्हणून समासात टाकली होती. मोटारीने सात नंबर इमानेइतबारे घट्ट बंद केला होता आणि पडद्यावर हिरवा दिवा लावला होता. ताईंच्या समोर उभं राहवेना, पण खाली जायचीही हिंमत होईना. मी नळाखाली हात धरून तशीच उभी राहिले.

फोन चालूच होता. पलीकडे झाकण सरकल्याचा आवाज आला. "साहेब, एवढी मोटार सोडवायला धरा हो," असं काका म्हणाले, आणि साहेबांच्या धापा ऐकू आल्या. मग चावीची कुरकुर, थांबणं, पुन्हा कुरकुर. अर्धा आटा, अर्धा आटा. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही.

"सायकलवाल्याच्या पुढे गेलं," काका म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "पायऱ्या चढतंय."

नळ खोकला. आधी हवा, मग दोन-चार मातकट थेंब, आणि मग माझ्या तळहातावर थंडगार धार पडली. मागे बायकांनी एकदम टब ओढले. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"सोडलंय, बाई," फोनमधून काका म्हणाले.

"पडलं, काका."

"हातावर घेतलंत?"

"घेतलं."

"मग लिहा."

मी ओल्या हाताने नोंदवही उघडली, छापील शब्द खोडला आणि लिहिलं. शाई थोडी पसरली, पण वाचता येतं.