बाईंचा ग्रुप

आठवीतल्या एका मुलीच्या फोटोखाली वर्गाने असं काही लिहिलं, की ती पंधरा दिवस शाळेत फिरकली नाही. मग मोबाईलवर कसं वागावं याचा आठवड्याला एक तास ठरला. बाकीच्या शिक्षकांनी अंग काढून घेतलं, आणि तो कॉम्प्युटरच्या बाईंच्या गळ्यात पडला. बाईंनी कंबर कसली.

त्यांचा नियम एकच. लिहायचंय ते आधी त्या माणसाच्या तोंडावर म्हणून बघा. जीभ रेटत नसेल, तर बोटं आवरा. लिहिणाऱ्याला त्या खरंच समोर उभं करायच्या. मोठमोठ्या वाघांची तिथे शेळी व्हायची.

सरावासाठी बाईंनी वर्गाचा ग्रुप काढला. खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. आई गेल्यापासून दोन खोल्यांत त्या एकट्याच. भाऊ लांब, त्याचा फोन महिन्याकाठी, तोही घाईतला. संध्याकाळी भाजी चिरताना ओट्यावरचा मोबाईल टुणटुण वाजू लागला, की घरात माणसं आल्यासारखं वाटायचं. कुणाची मांजर व्याली, कुणाचं गणित अडलं, सगळं त्यांना ठाऊक. कुणी वाकडं लिहिलं की लगेच टोकायच्या. शुद्धलेखनसुद्धा सोडायच्या नाहीत, आता बोला!

हळूहळू ग्रुप थंडावला. 'धन्यवाद बाई' एवढंच यायचं, मग तेही बंद. बाईंनी मोबाईल दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "मोबाईल ठणठणीत आहे, काकू. कुणी पाठवतच नसेल."

शेवटी तास संपल्यावर त्यांनी त्या फोटोवाल्या मुलीलाच थांबवलं.

"काय गं, ग्रुपवर कुणी बोलत का नाही?"

मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "आम्ही दुसरा काढलाय, बाई."

बाई तिच्याजवळ सरकल्या. "आणि तिथे पुन्हा तसलंच?"

"छे! नियम तुमचाच आहे. मला कुणी काही बोलत नाही आता. उलट मीच सगळ्यांना हसवते."

"मग मला..." बाई अडल्या.

"बाईंना घ्यायचं का, असं विचारलं होतं मी. सगळे नको म्हणाले. पण खरं सांगते बाई, एकानेही तुम्हाला नावं ठेवली नाहीत."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

मुलगी खुशीत पळाली. बाईंना मात्र घरी जायचं जिवावर आलं. तिथे टोकायलासुद्धा कुणी नव्हतं.