काळी-पिवळीचं दावं

आमच्याकडे बैल विकतात, पण त्याचं दावं विकत नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतःचा दोर आणायचा, बैलाच्या गळ्यात तो बांधायचा, आणि आपला जुना दोर सोडून आपण घरात खुंटीला टांगायचा. बैल गेला तरी दाव्याबरोबर बरकत घरात राहते, असं म्हणतात. गोंदियाजवळच्या मुर्रीत आमच्या घरात असे बरेच दोर टांगलेले आहेत. बरकत अजून घराचा पत्ता शोधत असावी. पण बाबांचा या गोष्टीवर विश्वास आहे, आणि त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी शाळेत असताना बाबांनी शेवटची बैलजोडी विकली आणि जुनी जीप घेतली. काळ्या-पिवळ्या रंगाची, भाडं मारणारी. गोंदियाहून अर्जुनीकडे तिच्या फेऱ्या चालत. गाडीत माणसं किती बसवायची हे कागदावर लिहिलेलं होतं, पण तो कागद बाबांनी कधी चढणाऱ्यांना दाखवला नाही. "जागा हाये ना," एवढंच म्हणत. अर्जुनीजवळच्या प्रतापगडच्या जत्रेला तर महादेवाला जाणारे आणि दर्ग्यावर जाणारे एकाच फेरीत एकमेकांच्या मांडीवर बसून जात. गडाच्या पायथ्याशी उतरल्यावर ते वेगळे होत.

पुढे बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि धाकटा भाऊ गाडी चालवू लागला. त्याचं सारं घर त्या जीपवर चालायचं. मग जीपचीही वर्षं भरली. तिला पुन्हा पास करायला कोणी तयार होईना. भावाने नवी गाडी ठरवली, पण परमिट एकच होतं आणि त्यावर जुनी जीप बसलेली होती. जुनी गाडी सरकारमान्य केंद्रात रीतसर मोडीत निघाली, असा दाखला मिळाला तरच नवी गाडी त्या परमिटवर चढणार होती. नाहीतर भावाने नवी गाडी दारात उभी करून पुसत बसायचं.

पूर्वी हे सोपं होतं. गोंदियाचा कबाडी गॅस कटर घेऊन यायचा आणि दुपारपर्यंत गाडीचे तुकडे करून हातगाडीवर लादायचा. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसी नंबरचा तुकडा तेवढा मालकाने कापून घ्यायचा आणि आरटीओत नेऊन दाखवायचा. बाकी गाडी मरायची नाही. तिचा दरवाजा फुलचूरच्या एखाद्या जीपला लागायचा, सीट पानठेल्यावर जायची, टपाखाली कोणाच्या तरी कोंबड्या राहायच्या. आता तसं चालत नाही. बाबा कबाड्याकडे विचारायला गेले तेव्हा तो त्यांचा इतक्या वर्षांचा दोस्त असूनही म्हणाला, "अख्खी गाडी आता घेऊन नाई रायलो भाऊ. पोलीस येते."

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी मला विचारलं, "अख्खीच गाडी द्या लागते, मंग दावं?"

मी हसले. मी गोंदियातच दिलेली, ऑफिसात काम करते. घरात सरकारी कागद वाचायची वेळ आली की मला बोलावतात. मला वाटलं बाबा गंमत करून राहिले. बाबा जेवताना गंमत करत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

मग गाडीचं दावं कशाला म्हणायचं यावर चर्चा झाली. आई म्हणाली, हॉर्न काढून ठेवा. बाबा म्हणाले, "हॉर्न म्हंजे बैलाचा आवाज. आवाज कोनी खुटीले टांगते का?" भाऊ म्हणाला, आरसा ठेवा. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा वरण मागितलं. शेवटी बाबा म्हणाले, "बगतो मी." आमच्या घरात हे वाक्य आलं की चर्चा संपते.

ठरल्या दिवशी जीप टोचन लावून केंद्रात नेली. फुलचूरच्या पुढे मोकळ्या जागेत मोठी शेड, तारेचं कुंपण आणि आत रांगेने उभ्या केलेल्या गाड्या. तिथला साहेब तरुण होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्याने मी पुढे केलेले कागद पाहिले, टॉर्च घेतला आणि जीपखाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता.

"काकाजी," तो खालूनच म्हणाला, "चेसी नंबर कहाँ है?"

आम्ही सगळे वाकलो. जिथे नंबर असायला हवा तिथे पट्टीने आखून कापावी तशी एक चौकोनी खिडकी होती. तिच्यातून पलीकडची माती दिसत होती.

"माझ्याजवळ हाये," बाबा म्हणाले आणि हातातली कापडी पिशवी थोपटली. आवाजात सगळं आधीच करून आणल्याचा अभिमान होता.

कबाडी अख्खी गाडी घेत नव्हता, पण कटर वापरू द्यायला त्याची ना नव्हती. चेसीचा तुकडा कापून घ्यायची रीत बाबांना पाठ होती. नंबराने गाडी मालकाशी बांधलेली असते, म्हणजे तेच तिचं दावं, असा त्यांनी हिशेब लावला. साहेबाला दाखवायचं, घरी आणायचं, टांगायचं. भावाला याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता. आईला असावा, असा मला तिथेच संशय आला.

साहेब एका टायरवर बसला. नंबर कापलेली गाडी म्हणजे काय, हे त्याने सावकाश समजावलं. "ऐसा चोरी की गाडी में करते हैं, काकाजी."

"माझीच गाडी मी काऊन चोरीन?"

"तुमचीच आहे हे कशावरून?"

बाबांनी पिशवी पोटाशी धरली. त्या वेळी मला साहेबाचा राग आला, आणि तो बरोबर बोलत होता म्हणून जास्त आला.

साहेबाने वरच्या साहेबाला फोन लावला. उत्तर आलं. नंबर गाडीवर असल्याशिवाय गाडी मोडता येत नाही. तेव्हा तुकडा गाडीला वेल्डिंगने परत जोडायचा, गाडीसकट फोटो काढायचा, मग तोच तुकडा रीतसर कापायचा आणि केंद्रात जमा करायचा. म्हणजे बाबांनी कापलं ते चुकलं नव्हतं, फक्त जोडायच्या आधी कापलं होतं.

"जोडा," बाबा म्हणाले. "फोटू काढा. पन जमा नाई करत. दावं कोनी देते का?"

"मग दाखला नाही मिळत," साहेब म्हणाला.

भाऊ मघापासून कुंपणाशी जाऊन उभा होता. बाबांसमोर त्याने कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. जवळ येऊन म्हणाला, "बाबा, दावं तरी ठेवा, नाई तं माझी रोजी तरी ठेवा. दोनी नाई रायत."

बाबांनी पिशवीत हात घातला. तुकडा फडक्यात गुंडाळलेला होता. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या, आणि नंबरावर हळद-कुंकू. म्हणजे आईला पत्ता होताच. वेल्डर कुंकू पुसायला लागला तर साहेब म्हणाला, "रहने दो." फोटोत ते कुंकू आलं आहे. सरकारी नोंदीत आमची जीप टिळा लावून गेली.

तुकडा जोडला, फोटो निघाला, तुकडा पुन्हा कापून साहेबाच्या टेबलावर गेला. आता जीप शेडमध्ये मशीनजवळ न्यायची होती. त्यांची क्रेन दुसऱ्या गाडीत अडकली होती, म्हणून एक कामगार आत बसला आणि चावी फिरवत राहिला. जीप हूं की चूं करेना.

"तिले तसं नाई चालत," बाबा म्हणाले. दार थोडं वर उचलून उघडलं, कामगाराला उतरवलं, गुडघा हाताने धरून आत घेतला. बरीच वर्षं ते तिथे बसले नव्हते. क्लच दोनदा दाबून सोडला, चावी फिरवली आणि जीप सुरू झाली.

त्यांनी ती सावकाश आणली. वळणावर हॉर्न दिला, समोर कोणी नसताना. कामगाराने दाखवलेल्या रेषेवर बरोबर थांबवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग ते उतरेचनात. मान मागे वळवून त्यांनी दोन्ही बाकांवर पाहिलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवटच्या स्टॉपवर ते नेहमी असं पाहायचे, कोणाची पिशवी राहिली का, कोणाचं लेकरू झोपून राहिलं का.

"कोनी रायलं नाई ना?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. साहेबाने हेल्मेट काढलं होतं, कदाचित उकाड्यामुळे.

"नाई बाबा," भाऊ म्हणाला. "सारे उतरले."

मग बाबा उतरले.