गेमच्या डब्याचं कुंकू

आमच्या जाऊबाईंचं नाव शालन, पण भोसरीत त्या नावानं चौकशी केलीत तर कुणी घर दाखवणार नाही. ‘गेमवाली आक्का’ म्हणा. पोटं सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये लगेच हसतील आणि हळूच कान चोळतील. निम्म्यांचे कान तिनं पिळलेत ना!

मी तिची धाकटी जाऊ, रुक्मिणी. मोशीत एकाच घरात राहतो, ती खाली, मी वर. सकाळी भांडण आणि दुपारी एकमेकींच्या वाटीतली भाजी, असं आमचं चाललेलं असतं. तेव्हा मी तिचं कौतुक करायला बसलेय असा समज करून घेऊ नका. तोंडावर तर मी ते मरेपर्यंत करणार नाही.

लग्न होऊन माणदेशातून ती इकडं आली तेव्हा माझे मोठे भाऊजी, हिंदुराव, भोसरीच्या एका कंपनीत लेथवर होते. कंपनीच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेऊन दोघांनी त्यात व्हिडिओ गेमचे डबे टाकले. डबा म्हणजे कपाटाएवढी लाकडी पेटी. वर पिक्चर ट्यूबचा पडदा, खाली दांड्या, बटणं आणि नाणं टाकायची फट. भाऊजी शिफ्टला जायचे, त्यामुळं धंदा आक्काच्या अंगावर. पदर खोचून दारात बसायची. शाळेचा गणवेश दिसला की कान धरून बाहेर. “आदी साळा, मग मारामारी,” म्हणायची. आत कुणी शिवी दिली तर त्याला दिवसभर बंदी. सगळी एमआयडीसी तिला टरकून होती.

पहिली शिफ्ट सुटली की भाऊजी डबा हलवत थेट शेडवर यायचे, जेवणाचा डबा म्हणतेय मी. मग गिऱ्हाईक असो नसो, कोपऱ्यातला मारामारीचा गेम नवरा-बायकोचा. डावीकडं ते, उजवीकडं ती, आणि हरेल त्यानं चहा करायचा. भाऊजी हरायचे हो! चारचौघांत स्टोव्हला पंप मारत बसायचे आणि वर हसायचे. मला त्या चहाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? आमच्या ह्यांनी चाकणच्या कंपनीत जन्म घालवला, पण घरात आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं भरून घेतला नाही.

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि शेडवर माशी फिरकेना. बाकीचे डबे भंगारात गेले. कोपऱ्यातला तेवढा आक्कानं टेम्पोत घालून घरी आणला आणि जिन्याखाली ठेवला. “ह्याला द्यायचं न्हाई,” म्हणाली. मी म्हटलं, “ठेव, झुरळांना घर झालं.”

आमच्या भागात खंडेनवमीला मशिनं पुसून त्यांना हळदीकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. कंपनीत कुंकू लावतात ते मशीनच्या तोंडाला, म्हणजे जिथं काम चालतं तिथं. शेडवर असताना आक्का डब्याची पूजा बाहेरूनच करायची. घरी आल्यावर डबा कुणी लावेना, तो मुकाच झाला, तसं तिला वाटलं असणार की देव आतपर्यंत पोचत नाही. मागचं फळकूट काढून ती आतल्या बोर्डाला, म्हणजे ज्या हिरव्या पाटीत सगळा गेम भरलेला असतो तिला, कुंकू लावायला लागली. बोर्डाच्या कडेला पिवळे चकचकीत दात असतात, त्यांच्यावर वायरींचा जुडगा खोचतात. तिच्या लेखी तेच डब्याचं तोंड. जुडगा उपसायचा आणि कुंकू पाण्यात कालवून, बोट भरभरून लावायचं, दर वर्षी. भाऊजी त्या दिवशी कंपनीच्या पूजेला असायचे, त्यांना ह्याचा पत्ताच नाही.

गेल्या थंडीत भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, भिंत धरून चालायला लागले. हात काही येईना. व्यायाम करून घ्यायला इरा नावाची मुलगी यायची. ती पुन्हा पुन्हा सांगायची, “काका, हातात जीव आहे. वापराल तर सुधारेल, झाकून ठेवलात तर असाच राहील.” भाऊजी ऐकून घ्यायचे आणि हात मांडीवर घेऊन वर टॉवेल पांघरायचे. दाबायला मऊ चेंडू दिला तर तो त्यांनी खिडकीबाहेर फेकला. “त्यो हात गेला,” एवढंच बोलायचे. लेथवरचा माणूस तो, हात गेला म्हणजे आपणच संपलो असं धरून बसले होते. घरात हसरा माणूस नुसता भिंतीकडं बघत बसलेला असला की कसं होतं! वरच्या मजल्यावरसुद्धा घास गोड लागत नव्हता.

एके सकाळी आक्का जिना चढून माझ्याकडं आली.

“रुक्मे, डबा काढायचा.”

“भंगारवाल्याला?”

“तुझ्या तोंडाला काय औषध न्हाई बघ. त्यास्नी खेळवायचं. बटणं उजव्या हाताची, पर दांडी डाव्या हाताची असती.”

इतकी सरळ गोष्ट, आणि आम्हां कुणाच्या डोक्यात आली नव्हती. अर्थात तसं मी म्हणाले नाही. म्हटलं, “चल, धरते एका बाजूनं.”

डबा हॉलमध्ये आला. पिन लावली आणि मागून फट्ट आवाज, जळका वास. पिक्चर ट्यूब गेली. गेमचं संगीत मात्र वाजत होतं, पडदा काळा. भाऊजींनी एकदा मान वर केली, परत भिंतीकडं वळवली.

तसली ट्यूब आता मिळत नाही. पण भिंतीवर भलामोठा चपटा टीव्ही होता, त्यांच्या लेकीनं, सलोनीनं, घेऊन दिलेला. आक्का म्हणाली, चित्र त्याच्यावर आणायचं. बोलावला अजिंक्यला. भोसरीत टीव्ही आणि कॅमेरे बसवायची कामं करतो, शेडवर कान पिळून घेतलेल्यांतलाच एक.

त्यानं डबा उघडून बघितला आणि आम्हांला समजावलं. जुना बोर्ड चित्र पाठवतो ते जुन्या ट्यूबच्या चालीनं. नव्या टीव्हीला ती चाल कळत नाही. मध्ये दुभाष्या बसवायचा, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. आधी त्यानं दुकानात पडलेला एक जोडून बघितला. टीव्ही म्हणे, नो सिग्नल. मग पुण्यात, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तापकीर गल्लीत जाऊन दुसरा शोधून आणला. आता चित्र आलं, पण तिरकं होऊन वर पळायला लागलं. अजिंक्य चिकाटीचा. बारीक स्क्रू फिरवत, बटणं दाबत त्यानं ते चित्र एकदाचं जागेवर बसवलं. आक्कानं त्याला तिथंच लाडू भरवला.

पण लाल रंग येईना. गडी सगळे हिरवट-निळे, पाण्यात बुडाल्यासारखे. आणि जरा डबा हलला की गेम बंद पडून पहिल्यापासून सुरू. अजिंक्यनं वायरी तपासल्या, कन्व्हर्टर तपासला. शेवटी बोर्ड बाहेर ओढला आणि उजेडात धरला.

“आक्का, दातांवर हे काय लाल-पिवळं बसलंय? घट्ट थर झालाय. त्यामुळंच वायर चिकटत नाही. पुसून घेतो.”

आक्का ताडकन उठली. “हात लावू नगं! कुंकू हाय त्ये.”

“अहो, पण ते पुसल्याशिवाय...”

“घरात धनी आजारी, आन् माझ्या घरात बसून कुंकू पुसतूस व्हय रं?”

पोराचं तोंड एवढंसं झालं. मी तिच्या बोलण्याला फाटे फोडल्याशिवाय राहत नाही, पण त्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला. सवाष्ण बाई, नवरा असा खुर्चीत बसलेला, आणि त्याच्यासमोर कुंकू पुसायचं? कुणाच्या जिभेला हाड नसलं तरी हे बोलवत नाही. हसणाऱ्यांनी हसावं. मी हसले नाही.

अजिंक्य हळू आवाजात म्हणाला, “मग दुसरा बोर्ड बघूया?” आक्कानं नकाराची मान हलवली. त्यांचा खेळ त्या बोर्डात होता, दुसऱ्यात नव्हता. अजिंक्य वायरी गुंडाळायला लागला. आक्का स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली. सगळी एमआयडीसी जिला टरकून होती ती बाई, एका बोटभर कुंकवापुढं अडली होती. मी तिच्याजवळ गेले. पाठीवर हात ठेवला तेवढाच.

तेवढ्यात हॉलमधून हाक आली.

“शालन!”

कित्येक महिन्यांत भाऊजींनी अशी हाक मारली नव्हती. आम्ही दोघी दारात धावलो.

“कुंकू कुणाच्या नावाचं हाय त्ये?”

आक्कानं पदरानं डोळे पुसले.

“माझ्याच न्हवं? मग मीच पुसतो. जिता हाय मी अजून. बोर्डाच्या दातांस्नी कुंकू लावती! अगं, तितनं करंट जातो. अजिंक्य, आण हिकडं. आन् रुक्मिणी, खोडरबर बघा घरात.”

ते जिता हाय म्हणाले ना, तिथंच मी देवाला हात जोडले. मग खोडरबर शोधायला पळाले.

बोर्ड मांडीवर घेऊन भाऊजी उजव्या हातानं दात घासायला लागले. जोर दिला की बोर्ड सरकायचा. एकदा सरकला, दुसऱ्यांदा खाली पडता पडता राहिला. अजिंक्य धरायला पुढं झाला तर आक्कानं त्याला डोळ्यांनी दटावलं. भाऊजींनी एक शिवी हासडली, टॉवेल झटकून टाकला, आणि तो डावा हात बाहेर आला. बोटं वाकडी, थरथरणारी. आला आणि बोर्डावर दाबून बसला. त्यांचं स्वतःचं तिकडं लक्षही नव्हतं, सगळं ध्यान दातांवर. आक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडणारच होते. पण नाही ओरडले.

दात सोन्यासारखे निघाले. खोडरबराचा लाल चुरा आक्कानं पदरात गोळा केला आणि तुळशीत नेऊन घातला.

बोर्ड खोचला, टीव्ही लावला, आणि लाल रंग आला! चड्डी लाल, झेंडे लाल, रक्तसुद्धा लाल. अजिंक्यनं टाळ्या वाजवल्या. आक्का उजवीकडं उभी राहिली, भाऊजी डावीकडं खुर्चीवर. आक्कानं त्यांचा हात उचलून दांडीवर ठेवला नाही. नुसती थांबली. त्यांनी तो स्वतः उजव्या हातानं उचलला आणि ठेवला.

“च्यायला, मी दांडी ओढतो आन् गडी मागनं हलतोय,” भाऊजी म्हणाले.

“काका, नवे टीव्ही जरा उशीर लावतात,” अजिंक्य म्हणाला. त्यानं टीव्हीत गेमसाठीचं सेटिंग लावलं. उशीर कमी झाला, पण राहिलाच थोडा.

“ऱ्हाऊ दे. माझ्यासारखाच हाय त्यो. सांगितल्यावर जरा उशिरा ऐकतो.” आणि भाऊजी हसले. अहो, हसले!

हात दांडीवरून घसरायचा, ते परत ठेवायचे. आक्कानं दयामाया दाखवली असेल असं वाटतं तुम्हांला? धुतलं तिनं त्यांना. मला राग आला, म्हटलं, “अगं, एकदा तरी हर!” तर म्हणते, “त्यास्नी कळंल, रुक्मे. मग परत टावेल घेतील.”

शेवटी भाऊजींचा गडी आडवा झाला. मग भाऊजी खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उठले आणि भिंत धरत स्वयंपाकघरात गेले.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी उठले. आक्कानं पदर धरून मला खाली बसवलं. “बस. हरल्यात त्ये.”

“शालन, चाची पूड कुठंय?”

“तितंच हाय, शोधा!” ती कडक आवाजात ओरडली, आणि डोळ्यांतून नुसती धार.

बऱ्याच वेळानं भाऊजी दारात आले. भिंत धरलेली नव्हती, कारण हात मोकळे नव्हते. उजव्या हातात कप, आणि त्याच्याखाली डाव्या हातात बशी. बशीत कपाहून जास्त चहा. तीन पावलांना त्यांना केवढा वेळ लागला, आम्ही कुणी हललो नाही.

आक्कानं कप घेतला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“साखर इसरलाय तुमी,” ती म्हणाली. “उद्या परत हरा.”