विहिरीत शिकलेली मान

अकोल्याच्या जलतरण तलावात खोल बाजूला जायचं तर अट होती: फळी, फोम काहीही न धरता तलावाची पूर्ण लांबी पोहून दाखवायची. बायको ती चाचणी देऊन केव्हाच पलीकडे गेली होती. मी उथळ बाजूला. दुरुस्तीसाठी तलाव बंद होण्याआधीची शेवटची चाचणी शनिवारी होती.

माझं पोहणं बार्शीटाकळीकडच्या मामाच्या विहिरीतलं. पाठीला रिकामा डबा बांधून शिकलो. विहिरीत नजर कायम वर ठेवावी लागे, कारण मामेभाऊ काठावरून आधी खाली पाहत आणि नेमके जिथे कोणी असेल तिथेच उडी टाकत. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात. विहिरीत त्यानं बिघडत नसे, तिथे कुठे पोहोचायचं नसतं. तलावात मात्र मी जवळजवळ उभाच पोहत होतो. बायकोच्या मते, सुटलेल्या बसमागे धावल्यासारखा.

मांड्यांत फोम धरला की पाय वर राहत, काढला की बुडत. प्रशिक्षक अचलपूरच्या होत्या. त्यांनी फोम काढून घेतला आणि भिंतीला पाय मारून, हात पुढे ताणून नुसतं तरंगत जायला सांगितलं. पाय बुडतच राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, पोहायला कुठे शिकलात. मी विहिरीची हकीकत मामेभावांसकट सांगितली. त्या काठावर बसून बराच वेळ हसल्या.

"दादा, वर पत्रे आहेत," त्या म्हणाल्या. "इथं कोनी तुमच्यावर उडी मारून नाही राहिलं. खाली फरशी पाहा."

मी फरशी पाहिली. मान सैल सोडली, छातीचा भार किंचित पाण्यावर दिला. टाचांना वारा लागला. माझ्या टाचांना पाण्यात वारा लागणं ही बातमी होती. मी पाण्यातच हसलो, नाकात पाणी गेलं, खोकत उभा राहिलो आणि लगेच पुन्हा भिंतीकडे गेलो. त्या रात्री बायकोनं मला पलंगावर पालथं पडून, हात पुढे ताणून, चादरीकडे एकटक पाहताना पकडलं. तिनं दिवा मालवला.

शनिवारी ती पलीकडच्या भिंतीशी थांबली होती. मी निघालो. श्वासाला मान फक्त कुशीवर वळवायची, एक डोळा पाण्यातच ठेवायचा, बाकी सगळा वेळ फरशी. पाय मागून मुकाट येत होते. इतकं सोपं, इतकं हलकं वाटत होतं की थांबावंसं वाटेना. थांबवलं भिंतीनं. डोकं थेट तिच्यावर आपटलं.

प्रशिक्षकांनी लांबूनच पास म्हणून हात वर केला. बायकोनं माझं टेंगूळ चाचपून पाहिलं.

"आता भिंत आल्यावर तरी वर पाह्यत जा," ती म्हणाली, आणि खोल पाण्यात माझ्यासाठी जागा करून बाजूला सरकली.