सरकारी आमराईचं लगन

अकोल्यात मोर्णा नदीच्या पल्याड, जिथं मुरमात कुसळंबी धड उगत नोतं, तिथं सूर्यभान माळ्यानं चाळीस आंबे उभे केले. सात वर्सं बागेतल्या विहिरीचं पानी खांद्यावर कावडीनं वाहून घातलं. उगाच नाई लोक म्हनत, का आमच्या माळ्याच्या घराण्याचा हात लागला तं खुंट्यालेबी पालवी फुटते. अन् साऱ्या भावंडांत सूर्यभानचा हात गुनाचा. बाग सरकारची, पन सावली गावाची. गाडीवान तिथं बैल सोडत, बाया धुनं वाळू घालत, तापानं फणफणलेलं मानूस तिथं आनून निजवत. रोपं मागाले पार मोर्शीपासून लोक येत. रिकाम्या हातानं कोनी गेला नाई.

मंग विलायतेले आपला कापूस पायजे झाला अन् अकोल्यात कापसाच्या गाड्याच गाड्या. बागेचे कारकून केशवराव हुकूम घेऊन आले.

"सूर्यभान, बाग मोडायची आहे. अमरावतीला गाड्यांना ऐसपैस मैदान आहे, आपल्याकडे नाही. साहेब चिडलेत."

"अन् आंबे?"

"तोडायचे."

नत्थुजी लाकूडतोड्या चार गडी घेऊन आला. झाडाकडे पाह्यलं अन् कुऱ्हाड खाली ठेवली.

"सूर्यभानभाऊ, या आमराईचं लगन लावलं काय?"

"सरकारी झाडाचं कोन लावते?"

"मंग मी हात लावत नाई, बापा. कुवारं पोर मारल्याचं पाप कोन घेईन?"

आमराईचं विहिरीसंगं लगन लागल्याबिगर ते तोडत नाईत, अन् झाडं लावनारा तोवर तिचं फळ तोंडात घालत नाई, हे तं लेकराले ठाऊक. केशवरावांनं दुसरे लाकूडतोडे बलावले. तेबी तेच बोलले. महिना गेला, झाडं उभीच.

वैशाखात आंबा पिकला. सूर्यभानची बायको शकुन भाकर थापता थापता म्हने, "गाडीवानाचे बैल कोया चघळून राहिले, अन् आपन सात वर्सं पानी घालून वास घेऊन राहिलो."

बाजारात तं लोकांनं हद्द केली. "काय माळीबुवा, पोरं बिनलग्नाचीच ठेवता काय?"

हे मातर सूर्यभानले झोंबलं. त्याले वाटलं, एकडाव साऱ्या गावानं लगन पाह्यलं, अक्षता टाकल्या, का मंग ह्या झाडावर कुऱ्हाड कोन चालू देईन?

"लगन असं लावीन," तो म्हने, "का अकोल्यानं पाह्यलं नसन!"

अन् लावलंच. विहिरीजवळच्या थोरल्या आंब्याले बाशिंग बांधलं, बाकीच्या एकोनचाळीसाले भाऊ म्हनून हळद फासली. विहिरीच्या काठाले हिरवं लुगडं गुंडाळलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. रोडगे अन् वांग्याची भाजी, तीनशे मानूस जेवलं. नत्थुजीनं तं मांगून मांगून खाल्लं. सूर्यभान अन् शकुननं पयला आंबा चोखला, रस कोपरापर्यंत आला. त्या दिवशी त्याच्याएवढा मोठा मानूस अख्ख्या वऱ्हाडात नोता.

सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला.

सूर्यभान धावत गेला. नत्थुजी अन् त्याचे चारबी गडी भिडले होते. चार झाडं आडवी.

"अरे नत्थुजी, काल तं माह्या पंगतीत जेवला तू!"

"जेवलो म्हनूनच आलो, भाऊ. दोष तूच काढला. आता कायचं पाप?"

ज्या कुवारपनाची सूर्यभानले लाज वाटत होती, तेच आजवर झाडाईची राखन करत होतं. तो विहिरीच्या काठावर बसला. एकेक झाड पडे, अन् याचा हात लुगडं घट्ट धरे.

दुपारपर्यंत थोरला तेवढा उरला. नत्थुजीनं कुऱ्हाड उचलली, तसा सूर्यभान मधात उभा राह्यला.

"हा नवरदेव होय. याले पाडशीन तं विहीर रांडव होईन. कालच्या नवरीले आज रांडव करतं काय?"

नत्थुजीनं विहिरीकडे पाह्यलं. कुऱ्हाड खांद्यावर घेतली.

"हा ठेवतो," तो म्हने. "कारकुनाले सांगीन, बैल पानी पितात तिथं सावली पायजे."

एकोनचाळीस गेले. मैदान झालं, गाड्या लागल्या. सूर्यभानले काम उरलं बैलाईसाठी पानी ओढाचं. त्यानं ते घेतलं. लोक म्हनत, हरला. म्हनोत. पन कोन्या गाडीवानानं त्या बुंध्याले दावं बांधलं, का सूर्यभान दोर सोडून धावे.

"दुसरीकडे बांध रे! नवरदेव हाय तो."

गाडीवान हासत. सूर्यभान नाई हासे.